जेथें दोन स्थिति एक होतात

घरांतल्या झोपाळ्याला एक धक्का देऊन सोडून दिलें, तर तो मागेंपुढें हेलकावे घेतो आणि हळूहळू थांबतो, हें आपण लहानपणापासून पाहत आलों आहों. तोच झोपाळा काकवीच्या हौदांत बुडवून ठेवला आहे अशी घटकाभर कल्पना करा. मग तो एकहि हेलकावा घेणार नाहीं. जेथें सोडाल तेथून कण्हत-कुंथत मधल्या जागीं येऊन पोहोंचेल. हवा पातळ आणि काकवी दाट. पातळापासून आरंभ करून दाटपणा थोडा थोडा वाढवीत नेला, तर असा एक नेमका दाटपणा सांपडतो कीं, त्याच्या अलीकडे हेलकावे आहेत आणि पलीकडे नाहींत. या सीमेवरील बिंदूविषयीं आज मी आपणांशीं बोलणार आहें. पदार्थविज्ञानांत त्याला ‘एक्सेप्शनल पॉइंट’ असें नांव आहे. मी त्याला अपवाद-बिंदु म्हणेन.

महाविद्यालयांतील प्रयोगशाळेंत ज्यांनीं गॅल्व्हानोमीटर हाताळला असेल, त्यांना हा बिंदु परिचयाचा आहे. उपकरणाला जोडलेला विद्युत्-रोध जास्त ठेवला, तर पट्टीवरील प्रकाशाचा ठिपका कितीतरी वेळ इकडून तिकडे नाचत राहतो. फार कमी ठेवला, तर तो आळसावल्यासारखा रेंगाळतो. रोधाचें एक ठराविक मान असें असतें कीं, ठिपका एकदांहि न डगमगतां कमींत कमी वेळांत आपल्या जागीं स्थिर होतो. विद्यार्थी असतांना हें मान शोधून काढण्यांत मीं एक सबंध दुपार घालविली होती. वहींत आंकडा लिहिला आणि मोकळा झालों. त्या आंकड्याच्या आंत काय दडलें आहे याची मला त्या वेळीं कल्पनाहि नव्हती.

झोपाळ्याची किंवा ठिपक्याची गति गणितानें काढूं लागलों, म्हणजे शेवटीं एक साधें वर्गसमीकरण हातीं येतें, आणि वर्गसमीकरणाला दोन उत्तरें असतात. घर्षण थोडें असतांना या उत्तरांत ऋण संख्येचें वर्गमूळ येतें. ऋण संख्येला वर्गमूळ नाहीं, असा निर्णय भास्कराचार्यांनीं बाराव्या शतकांत आपल्या बीजगणितांत दिला होता. आज आपण अशा वर्गमूळाला असत् संख्या म्हणतों, सत् आणि असत् मिळून होणाऱ्या संख्येला सदसत् संख्या म्हणतों, आणि तिचा अर्थहि जाणतों. झोपाळ्याच्या उदाहरणांत सत् भाग हालचाल किती वेगानें मावळते तें सांगतो, आणि असत् भाग हेलकावे किती जलद पडतात तें सांगतो. घर्षण पुष्कळ झालें कीं वर्गमूळाखालची संख्या धन होते. असत् भाग नाहींसा होतो आणि त्याच्याबरोबर हेलकावेहि नाहींसे होतात. मधल्या बिंदूवर वर्गमूळाखालीं शून्य येतें आणि दोन उत्तरांचें एकच उत्तर होतें.

येथें एक अडचण उभी राहते. झोपाळा कोठून सोडावा आणि किती वेगानें सोडावा, या दोन्ही गोष्टी आपल्या हातांत आहेत. म्हणून हालचालीचे प्रकारहि दोन हवेतच. उत्तर एकच उरलें तर दुसरा प्रकार कोठें गेला? गणित त्याचा पत्ता लावतें. पहिल्याच हालचालीला गेलेल्या काळानें गुणलें कीं दुसरी हालचाल मिळते. हा काळाचा गुणक अन्यत्र कोठेंहि येत नाहीं, केवळ त्या एका बिंदूवर येतो. अपवाद-बिंदूची ही खूण आपण ध्यानांत ठेवूं या, कारण ती पुढें पुन्हां भेटणार आहे.

आतां अणूंच्या जगाकडे वळूं. १९२५ सालीं हायझेनबर्ग, बॉर्न आणि जॉर्डन यांनीं, आणि १९२६ सालीं श्रोडिंगर यांनीं, पुंजयामिकी या नव्या शास्त्राची उभारणी केली. या शास्त्रांत अणूच्या ऊर्जेचें वर्णन संख्यांच्या एका चौकोनी कोष्टकानें करतात. त्याला मॅट्रिक्स म्हणतात. प्रत्येक कोष्टकाच्या पोटांत कांहीं विशेष संख्या आणि त्यांच्या जोडीला कांहीं विशेष दिशा असतात. संख्या म्हणजे अणूच्या शक्य असलेल्या ऊर्जा, आणि दिशा म्हणजे त्या त्या ऊर्जेच्या स्थिति. या संख्यांना आपण स्वमूल्यें म्हणूं. अणूच्या वर्णपटांत ज्या तेजस्वी रेषा दिसतात, त्या स्वमूल्यांमधील अंतरांतूनच निघतात.

या कोष्टकांवर शास्त्रानें एक कडक नियम घातला. कोष्टकाच्या कर्णाच्या एका बाजूची संख्या ही दुसऱ्या बाजूच्या संख्येचें प्रतिबिंब असली पाहिजे; म्हणजे सत् भाग तोच, आणि असत् भागाचें चिन्ह मात्र उलट. शार्ल एर्मित या फ्रेंच गणितज्ञाच्या नांवावरून अशा कोष्टकांना हर्मिशियन म्हणतात. हा नियम पाळला कीं सर्व स्वमूल्यें सत् निघतात, सर्व दिशा एकमेकींशीं काटकोनांत राहतात, आणि वस्तु कोठें ना कोठें सांपडण्याची एकूण संभाव्यता सर्वकाळ एकच राहते. ऊर्जामापकाच्या कांट्यानें असत् संख्या दाखविली असें कधीं घडत नाहीं. तेव्हां नियम योग्यच वाटला. १९३० सालच्या डिरॅक यांच्या ग्रंथानें आणि १९३२ सालच्या फॉन नॉयमन यांच्या ग्रंथानें त्याला शास्त्राच्या पायांतच स्थान दिलें.

हर्मिशियन कोष्टकांतहि दोन स्वमूल्यें एक होऊं शकतात. हायड्रोजन अणूची दुसरी पातळी घ्या. इलेक्ट्रॉनचें स्वतःभोंवतींचें भ्रमण आणि इतर सूक्ष्म सुधारणा बाजूला ठेवल्या, तर त्या एका ऊर्जेच्या पोटांत चार निरनिराळ्या स्थिति राहतात. एका बिऱ्हाडांत चार भाडेकरू असावेत, पत्ता एक पण माणसें चार, असा तो प्रकार आहे. श्टार्क यांनीं १९१३ सालीं दाखविलें कीं, अणूला विद्युत्-क्षेत्रांत ठेवलें म्हणजे त्याच्या वर्णरेषा फुटतात. हायड्रोजनच्या बाबतींत हें फुटणें क्षेत्राच्या प्रमाणांत वाढतें. क्षेत्र दुप्पट तर अंतर दुप्पट, हा सरळ हिशेब आहे. अपवाद-बिंदूवरील एकीकरण याहून सर्वस्वी वेगळें आहे. तेथें पत्ता तर एक होतोच. पण दोन भाडेकरूंचा मिळून एकच माणूस होतो.

हें कसें घडतें तें पाहण्यापूर्वीं हर्मिशियन नियम कोठें अपुरा पडतो तें सांगितलें पाहिजे. तो नियम बंद खोलीचा आहे. आंतलें बाहेर जात नाहीं आणि बाहेरचें आंत येत नाहीं, अशा वस्तूला तो तंतोतंत लागू पडतो. पण निसर्गांत अशी खोली कोठें आहे? रेडियमचा परमाणु अल्फा-कण बाहेर टाकतो आणि स्वतः दुसरें मूलद्रव्य होतो. १९२८ सालीं गॅमॉव यांनीं या घटनेचें गणित मांडलें, तेव्हां त्यांनीं परमाणुगर्भाला सदसत् ऊर्जा दिली. तिचा सत् भाग नेहमींची ऊर्जा सांगतो, आणि असत् भाग तो गर्भ किती काळ टिकेल तें सांगतो. झोपाळ्याच्या उदाहरणांतील दोन भागांनीं येथें आपसांत कामें बदललीं आहेत, इतकेंच. पुढें १९५४ सालीं फेशबाख, पोर्टर व वाइसकॉफ यांनीं, न्यूट्रॉन परमाणुगर्भावर आदळून त्यांत गिळला जातो त्या घटनेचें वर्णन अशाच सदसत् संख्यांनीं केलें. विश्वाचा सगळा पसारा हिशेबांत धरला तर हर्मिशियन नियम अबाधित राहतो. परंतु त्यांतला एक तुकडा वेगळा काढून त्याचेंच वर्णन करूं लागलों, म्हणजे त्या तुकड्याच्या कोष्टकांत गळती आणि भर या दोहोंची नोंद करावी लागते. मग तें कोष्टक हर्मिशियन राहत नाहीं.

आतां अगदीं लहान उदाहरण घेऊं. एकाच दोरीला दोन सारखे लंबक टांगले आहेत. दोरीमुळें एकाची हालचाल दुसऱ्याला पोहोंचते. या देवघेवीचें मान एक आहे असें धरा. एका लंबकाला कोणी तरी सतत हलकेच ढकलतो आहे, आणि दुसऱ्याची तितकीच शक्ति घर्षणानें जाते आहे. या ढकलण्याचें आणि गळतीचें समान मान आपण बदलूं शकतों. या जोडीचीं दोन स्वमूल्यें एका वर्गमूळाचीं धन आणि ऋण रूपें असतात, आणि त्या वर्गमूळाखालीं असतें देवघेवीचा वर्ग उणें गळतीचा वर्ग. गळती लहान असतांना दोघांचें सहकार्य टिकतें, दोन्ही स्वमूल्यें सत् राहतात. गळती मोठी झाली कीं एक हालचाल वाढत जाते व दुसरी मरत जाते. दोन्ही मानें नेमकीं समान झालीं, म्हणजे वर्गमूळाखालीं शून्य येतें, दोन्ही स्वमूल्यें एक होतात. आणि त्यांच्या दिशा तपासल्या, तर त्याहि एकच झालेल्या आढळतात. एक स्थिति हिशेबांतून नाहींशी झाली, आणि तिच्या जागीं काळानें गुणलेली ती जुनी ओळखीची हालचाल आली. जपानी गणितज्ञ तोसिओ कातो यांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत अशा बिंदूंना अपवाद-बिंदु हें नांव दिलें.

हा केवळ गणिताचा खेळ आहे असें कोणास वाटेल, म्हणून आपल्या देशांतील एक काम आवर्जून सांगतों. जे स्फटिक प्रकाशाचा कांहीं अंश शोषून घेतात, त्यांच्यांत कांहीं विशेष दिशा अशा असतात कीं, त्या दिशेनें प्रकाशाचा एकच प्रकार अविकृत जाऊं शकतो, हें फोल्ट या जर्मन शास्त्रज्ञांनीं १९०२ सालीं दाखविलें होतें. इतर सर्व दिशांनीं ध्रुवणाचे दोन प्रकार जातात. येथें ते दोन्ही मिळून एकच वर्तुळाकार ध्रुवण उरतें. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेंत काम करणाऱ्या पंचरत्नम् या एकवीस वर्षांच्या तरुणानें १९५५ सालीं हा प्रश्न पुन्हां हातीं घेतला. त्या दिशेनें नेमकें उलट्या वर्तुळाचें ध्रुवण असलेला प्रकाश आंत सोडला तर त्याचें काय होतें? तो तसाच पुढें जाऊं शकत नाहीं. स्फटिकांतून जातां जातां तो क्रमाक्रमानें त्या एकट्या मान्य ध्रुवणाकडे वळत जातो, आणि त्याच्या गणितांत जो गुणक येतो तो म्हणजे कापलेलें अंतर. झोपाळ्याच्या उदाहरणांतील काळाची जागा येथें अंतरानें घेतली आहे. पंचरत्नम् १९६९ सालीं वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं निवर्तले. अपवाद-बिंदु हें नांवहि ज्या वेळीं रूढ नव्हतें, त्या वेळीं त्यांनीं त्याचें गुणधर्म स्फटिकांत पाहिले होते, हें जगाच्या ध्यानांत पुष्कळ उशिरां आलें.

या विषयाला खरी गति मिळाली ती १९९८ सालीं. त्या वर्षीं बेंडर आणि बेटशर यांनीं एक कोष्टक पुढें मांडलें, त्यांत स्थानाचा घन असत् एककानें गुणलेला होता. तें उघड उघड हर्मिशियन नाहीं. तरीहि त्याचीं सर्व स्वमूल्यें सत् आणि धन निघतात, असें त्यांनीं गणन करून दाखविलें. २००१ सालीं डोरी, डनिंग आणि तातेओ यांनीं त्याची रीतसर सिद्धता दिली. याचें कारण एका समतोलांत आहे. आरशांतल्याप्रमाणें डावें-उजवें बदललें, आणि त्याच वेळीं काळहि उलटा केला, तर ती प्रणाली जशीच्या तशी राहते. आपले दोन लंबकहि असेच आहेत. आरसा त्यांची अदलाबदल करतो, उलटा काळ भरीची गळती आणि गळतीची भर करतो, आणि मूळ चित्र परत येतें. मग हर्मिशियन नियम टाकून द्यावा काय? मुस्तफाझादेह यांनीं २००२ सालीं दाखविलें कीं, स्वमूल्यें सत् असून दिशा पुऱ्या असतील, तर दिशांमधले कोन मोजण्याची पट्टी बदलून त्या प्रणालीला हर्मिशियन रूप देतां येतें. अपवाद-बिंदूवर मात्र ही युक्ति चालत नाहीं. तेथें एक दिशाच कमी पडलेली असते, आणि पट्टी बदलून ती कशी परत येणार?

या बिंदूचा आणखी एक चमत्कार आहे. त्याच्याभोंवतीं प्रदक्षिणा घातली तर काय होईल? देवळाची प्रदक्षिणा पुरी झाली कीं आपण निघालों त्याच जागीं येतों. येथें एक प्रदक्षिणा पुरी झाली, तर पहिली स्थिति दुसरी झालेली असते आणि दुसरी पहिली. दोन प्रदक्षिणांनीं प्रत्येक स्थिति आपल्या घरीं परत येते, पण चिन्ह उलटलेलें असतें. सर्व कांहीं पूर्ववत् व्हायला चार प्रदक्षिणा लागतात. जर्मनींत डार्मस्टाट येथें २००१ सालीं तांब्याच्या पोकळींत सूक्ष्मलहरी कोंडून, आणि पोकळीचीं मापें पायरीपायरीनें बदलीत नेऊन, हें प्रत्यक्ष पाहण्यांत आलें. पुढें २०१६ सालीं दोन निरनिराळ्या प्रयोगांत असें आढळलें कीं, प्रदक्षिणा थांबत थांबत न घालतां चालत्या काळांत घातली, तर शेवट कोठें होईल हें आपण उजवीकडून फिरलों कीं डावीकडून यावर अवलंबून राहतें. २०१९ सालीं सेंट लुई येथें एकाच अतिवाहक विद्युत्-मंडलावर, म्हणजे निखळ पुंजयामिकीय वस्तूवर, अपवाद-बिंदु ओलांडून जाणाऱ्या स्थितीचें चित्र टिपण्यांत आलें.

श्रोतेहो, आतां मी या विषयांतील सर्वांत वादग्रस्त भागाकडे येतों. अपवाद-बिंदूवर वर्गमूळाखालीं शून्य असतें हें आपण पाहिलें. त्या शून्याच्या जागीं एक-दशसहस्रांश एवढा क्षुल्लक फरक पडला, तर वर्गमूळ होतें एक-शतांश. कारणापेक्षां परिणाम शंभर पटींनीं मोठा! फरक एक-दशलक्षांश एवढा केला, तर परिणाम त्याच्या हजारपट भरतो. जितकें कारण सूक्ष्म तितकी वाढ अधिक. मग एखादा विषाणु, धुळीचा एखादा कण, पृथ्वीच्या भ्रमणांतला एखादा सूक्ष्म भेद मोजायला याहून उत्तम तराजू कोणता? व्हिअर्सिग यांनीं २०१४ सालीं ही कल्पना मांडली, आणि २०१७ सालीं अमेरिकेंतील दोन संशोधक-गटांनीं कांचेच्या व अर्धवाहकाच्या सूक्ष्म कड्यांत प्रकाश फिरवून ती वाढ प्रत्यक्ष दाखविली. त्यांतील एका गटानें तर तीन कडीं जोडून वर्गमूळाऐवजीं घनमूळ साधलें. उत्साहाची लाट उसळली आणि अशा तराजूंच्या मर्यादाच आतां उरल्या नाहींत, असें बोललें जाऊं लागलें.

परंतु तराजूचें पारडें किती हलतें एवढें पाहून भागत नाहीं. तें उगीचच किती थरथरतें तेंहि पाहावें लागतें. जमिनीची मोजणी करणाऱ्याला विचारा. दोन ठिकाणांहून निशाण पाहून दोन रेषा काढल्या, आणि त्या एकमेकींना काटकोनांत छेदीत असल्या, तर छेदबिंदु ठळक मिळतो. त्याच रेषा जवळजवळ समांतर असतील, तर हाताची लहानशी चूकहि छेदबिंदूला वावभर सरकविते. अपवाद-बिंदूजवळ स्थितींच्या दिशा अशाच जवळजवळ एक झालेल्या असतात. म्हणून जें यंत्र सूक्ष्म फरकानें अधिक हलतें, तेंच यंत्र स्वतःच्या थरथरीनेंहि अधिक हलतें. २०१८ पासून अनेक अभ्यासकांनीं ही शंका गणितानें मांडली. कॅलिफोर्नियांतील वहाला यांच्या प्रयोगशाळेनें २०१९ सालीं, फिरण्याचा वेग मोजणाऱ्या प्रकाश-कड्यांत, अपवाद-बिंदूजवळ संकेताची वाढ झाल्याचें प्रसिद्ध केलें होतें. त्याच प्रयोगशाळेनें २०२० सालीं त्याच प्रकारच्या यंत्राविषयीं दुसरा निबंध प्रसिद्ध केला, आणि संकेत जितका वाढतो तितकीच थरथरहि वाढते, त्यामुळें शेवटीं निव्वळ लाभ उरत नाहीं, असें स्वतःच्या मोजमापांवरूनच दाखवून दिलें. प्रत्येक प्रकारच्या यंत्राला हा निर्णय लागू आहे असें नाहीं. भर आणि गळती यांची मांडणी बदलली कीं हिशेबहि बदलतो, आणि त्यावर वाद चालू आहे. तथापि स्वतःच्या हातीं आलेली वाहवा स्वतःच्याच दुसऱ्या प्रयोगानें तोलून पाहणें, हें मला त्या मूळ शोधाइतकेंच मोलाचें वाटतें.

यांतून आपण काय घ्यावें? एक गोष्ट अशी कीं, शास्त्राचा नियम कोणत्या खोलीसाठीं केला आहे तें विसरतां कामा नये. हर्मिशियन नियम खोटा ठरलेला नाहीं. बंद खोलींत तो आजहि तितकाच खरा आहे. दार उघडें टाकलें म्हणजे जीं नवीं दृश्यें दिसतात, तीं त्या नियमाच्या पोटांत मावत नाहींत, एवढाच त्याचा अर्थ. दुसरी गोष्ट अशी कीं, गणितज्ञांनीं ज्या कोष्टकांना दिशा अपुऱ्या म्हणून सदोष ठरविलें होतें, तींच कोष्टकें स्फटिकांत, तांब्याच्या पोकळींत आणि प्रकाशाच्या कड्यांत नांदतांना सांपडलीं. निसर्गाला आपल्या सोयीअसोयीची पर्वा नाहीं.

विद्यार्थिदशेंतील ती दुपार मला अलीकडे वरचेवर आठवते. प्रकाशाचा ठिपका एकदांहि न डगमगतां पट्टीवरच्या शून्याशीं येऊन थांबला, तेव्हां दोन हालचाली माझ्या डोळ्यांदेखत एक झाल्या होत्या आणि मला तें कळलें नव्हतें. आपल्यांपैकीं जे विद्यार्थी उद्यां प्रयोगशाळेंत तो रोध जुळवतील, त्यांनीं आंकडा वहींत लिहून झाल्यावर क्षणभर थांबावें आणि त्या ठिपक्याकडे पुन्हां एकदां पाहावें, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.